रांगेतली माणसं कुणाच्या खात्यात

मामांनी बायपास करून घ्यायचं ठरवलं ते एका आलेखामुळे. रुग्णालयात बाकड्यांसमोरच्या भिंतीवर तो लावलेला होता. ऑपरेशन झालेल्यांच्या आयुष्याची रेघ वर, नुसत्या गोळ्यांवरच्यांची धाडकन खाली. वय आणि मूत्रपिंडं पाहता तुम्हाला गोळ्याच बऱ्या, असं सर्जननी सुचवलं होतं. पण मामा निवृत्त सुतार. डोळ्यांना दिसलेल्या रेघेवर त्यांचा विश्वास. सोमवारची तारीख घेऊन ते मामींना कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते समजावू लागले. किल्ल्या मामींच्याच कमरेला होत्या.

भाची त्याच रुग्णालयात संख्याशास्त्रज्ञ. तिनं आलेखामागची माहिती उघडली आणि कपाळाला हात लावला. ऑपरेशनसाठी निवडलेले रुग्ण मुळातच धडधाकट. त्यात आलेख जुना, त्या काळी ऑपरेशनला महिनोन्‌महिने रांग; रांगेत असतानाच जे गेले, ते गोळ्यांच्या नावावर जमा. रांग पार करून जगले, त्यांचं श्रेय मात्र ऑपरेशनला.

तिनं मोजणी निर्णयाच्या दिवसापासून धरली, रांगेतले मृत्यू ऑपरेशनच्या बाजूला घातले आणि वय, साखर, मूत्रपिंडं पाहून ऑपरेशनवाल्या प्रत्येकाला गोळ्यांवरचा तसाच जोडीदार शोधला. दोन्ही रेघा जवळ येत येत एकमेकींना खेटून चालू लागल्या. पुन्हा तपासून, सर्जनना दाखवून ती रविवारी मामांकडे गेली.

सगळं ऐकून मामांनी चष्मा काढला. "मला बरं वाटावं म्हणून रेघ वाकवलीस का गं?"

"मामा, एका सुताराला सागवान द्यायचं, दुसऱ्याला किडका फळा, आणि मग कुणाचं कपाट टिकलं ते बघायचं. चालेल तुम्हाला?"

"चालेल कसं?"

"तेच झालं होतं. तुमच्यासारख्यांत ऑपरेशनचा वेगळा फायदा दिसत नाही. मी न मोजलेलं काही असेल तर त्याची हमी नाही. पण सर्जनही हेच म्हणतात."

मामांनी चष्मा पुन्हा चढवला. "म्हणजे किडका फळा मी?"

"जुना. पण टिकाऊ."

मामा इतके हसले की मामी पाण्याचा पेला घेऊन धावल्या. मग मामांनीच फोन करून सोमवारची तारीख रद्द केली. ते फोन ठेवेपर्यंतही मामींनी दम धरला नाही.

"राहणारच आहात, तर न्हाणीघराचं दार तासून द्या. सुताराचं घर, आणि वर्षभर दार खांद्यानं ढकलतेय मी."

मामा गुणगुणत रंधा शोधायला उठले.