दोन डावे हातमोजे

विषय : उजव्या हाताचे काम करणाऱ्या डाव्या हातमोज्यास मूळ जागी परत नेमणेबाबत.
संदर्भ : मालकीणबाईंची कात्री.

उपरोक्त विषयास अनुसरून मी, घरी शिवलेला एक लोकरी हातमोजा, बोलतो आहे. माझ्यात अंगठ्याला तळहाताच्या बाजूने स्वतंत्र खोली आहे. उरलेली चार बोटं एकत्र कुटुंबासारखी एकाच खोलीत राहतात. म्हणून ती उबदार असतात. भांडतही असतील, पण बाहेर ऐकू येत नाही.

पूर्वाश्रमी मी कोटाची बाही होतो. कोट मालकांचा. मालक कारकून म्हणून निवृत्त झाले आणि आपल्यावाचून कचेरी बंद पडेल या खात्रीने पुन्हा कामावर घेण्याचा अर्ज देऊन आले. कचेरी बंद पडली नाही. बोलावणं आलं की घालायचा म्हणून कोट खिळ्याला टांगला. रोज झटकायचे, घालायचे मात्र नाहीत. कसर काही कुणाच्या बोलावण्यासाठी थांबत नाही. तिने कोटाची पाठ खाल्ली.

थंडी वाढली तशी मालकांची बोटं आखडू लागली. शर्टाचं बटणसुद्धा लागेना. मालकीणबाईंनी कोट खाली काढला. विचारलं नाही, विचारलं असतं तर मालकांनी आधी टिपणी मागितली असती.

दुपारी मालक घोरत असताना त्यांचा डावा पंजा कागदावर आखून झाला. बाह्या उसवल्या. अस्तराला बाईंच्या जुन्या गाऊनचं गुलाबी फुलांचं फलालीन निघालं. दुसऱ्या हातासाठी तो आखलेला कागद उलटा ठेवून कापायचं असतं. गुणगुणण्याच्या नादात बाई तेवढं विसरल्या. टिपा मात्र अशा सरळ मारल्या की चूक अगदी नीटनेटकी झाली.

संध्याकाळी मालकांनी खिळ्याकडे पाहिलं. "अगं, कोट कुठे गेला?"

"हातात आहे तुमच्या."

मालकांनी आम्हा दोघांना उलटसुलट करून तपासलं. "हे दोन्ही डावे आहेत."

"मग? उजव्या हाताने असे काय दिवे लावता घरात?"

"आणि उद्या बोलावणं आलं तर काय घालून जाऊ?"

 बाईंनी मला आतून बाहेर उलटा केला आणि मालकांच्या उजव्या हातात चढवला. उलटला की डावा हातमोजा उजवा होतो. फक्त लोकर आत जाते आणि फुलं चव्हाट्यावर येतात.

"बसला?" बाईंनी हळूच विचारलं.

"बसला. पण माणसांत हा हात खिशातच ठेवावा लागेल."

पुढे मालकांनी अबोला धरला. तोही जेवणाची वेळ सोडून. शेवटी एका गारठलेल्या सकाळी ते स्वतःच कचेरीत चौकशीला निघाले. अंगात साधा स्वेटर, उजवा हात खिशात. खिशातला अंधार मी वाटभर भोगला.

मालकांच्या जुन्या टेबलावर नवा कारकून होता. "अर्ज वर गेलाय, काका."

"वर म्हणजे कुठे?"

"वरच. इथे सही करा, येऊन गेलात म्हणून."

सहीसाठी हात बाहेर काढावा लागला. आधी एक टेबल हसलं, मग सगळी खोली.

"काका, हा फुलाफुलांचा हात कुणाचा हो?"

मला वाटलं, आता पुन्हा खिसा. पण मालकांनी मला दिव्याखाली चांगला उंच धरला.

"माझाच. घरी शिवलाय. आतून कोट आहे."

मग मला काखेत दाबून त्यांनी झोकात सही केली. बोटं आखडली नाहीत. घरी येताना हात खिशाबाहेर होता. दारात बाईंनी काही विचारायच्या आतच म्हणाले, "अगं, चहा टाक. आणि हा हातमोजा काढवत नाही, असाच राहू दे."

त्या खिळ्याला आता भाजीची पिशवी असते. लोकर बाहेर, फुलं आत, हा माझा मूळ हुद्दा मला परत मिळावा, अशी माझी मालकीणबाईंना विनंती आहे. "पुढच्या थंडीत बघू," असं त्या म्हणतात.

मालकांचा अर्ज कचेरीत आणि माझा शिवणाच्या टोपलीत विचाराधीन आहे. अद्याप निर्णय झालेला नाही.