बिबट्यासाठी वाजवलेला सबवूफर

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे आणि मला भीती वाटते. एवढ्या मोठ्या आवाजाच्या वस्तूला कसली भीती, असं म्हणून हसू नका. आधी ऐका.

मी सबवूफर. गाडीच्या डिकीत बसून नुसता दण दण करणारा मोठा स्पीकर. गाण्याचे शब्द दारातले लहान स्पीकर म्हणतात. मला ते जमत नाही. कागदाची छाती, भोवती रबराची कड आणि पाठीला जड लोहचुंबक, एवढाच मी. कारखान्यात मला कुणी घडवलं ते आठवत नाही. पण वारूळवाडीत रुपेशच्या दुकानात मला गाडीत बसवलं तो दिवस पक्का आठवतो.

गाडी सुदर्शनची. रुपेशनं प्लायचं खोकं बनवलं आणि मला आणि माझ्या जुळ्या भावाला त्यात शेजारी शेजारी कसलं. बॉनेटखालच्या बॅटरीपासून जाड लाल वायर गालिच्याखालून मागं आणली. काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडायला तिथला रंग खरवडला. सीटच्या पाठीला ॲम्प्लिफायर बसवला. तो आमचा मुकादम. तो ढकलेल तेवढं आम्ही हलायचं.

"बास जरा कमी ठेवतो," रुपेश म्हणाला.

"कमी? मंग घरी मिक्सर हाय की! लाव फुल. पार मढ गावापातुर गेला पायजे आवाज."

"काचा फुटतील राव."

"फुटू दे. वारं येईल."

मग काय, कौतुकाचे दिवस आले. वराती झाल्या, मिरवणुका झाल्या. घरांचे पत्रे थरथरले की लोक म्हणायचे, "याला म्हनत्यात सेट!" कुणाचं तान्हं पोर दचकून रडलं तर आईनं ते उचलून आत न्यायचं. आवाज कमी करा असं म्हणायची छाती गावात कुणाला नव्हती.

मग शिवारात बिबट्या आला. आला म्हणजे, उसात तो आधीपासून होताच. शेळी नेली तेव्हा लोकांना कळलं. वनखात्याची माणसं सांगून गेली, रानात एकटं जाऊ नका, बोलत जा, मोबाइलवर गाणी लावा, चाहूल लागली की तो आपणहून बाजूला होतो. चांगलंच सांगितलं होतं. पण सुदर्शनच्या डोक्यात शिरता शिरता ते फुगलं. मोबाइलनं एवढं होतं, तर सबवूफरनं किती होईल!

त्या दुपारी त्याची आई सरूबाई नातीला, संस्कृतीला, घेऊन गुरांसाठी घास कापायला निघाली. घासाचं वावर उसाच्या पलीकडं, आणि गाडी जाते ती फक्त अलीकडच्या रस्त्यापर्यंत. सुदर्शनची बायको स्नेहल पाण्याची मोटार चालू करायला विहिरीवर गेली होती.

"आई, तुमी बिनघोर कापा," सुदर्शन म्हणाला. "हितनं असा दणका देतो, बिबट्या जुन्नर सोडून जाईल."

"जाईल कुठं रं? यष्टीनं?" सरूबाई म्हणाली. पोरगी खिदळली. दोघी बांधाबांधानं पलीकडं गेल्या.

सुदर्शननं गाडी मागं घेतली, डिकी उघडली, आमचं तोंड उसाकडं केलं आणि आवाज सोडला.

मित्रांनो, वारा अजिबात नव्हता. तरी ऊस हलला. मधले शेंडे हलले, मग त्यांच्या पुढचे, मग त्यांच्याही पुढचे. कुणीतरी आमच्यापासून दूर चाललं होतं. घासाच्या दिशेनं. शिकारीत रान उठवायला हाकारे लावतात ना, तसे आम्ही त्याला हाकारत होतो, आणि त्याच्या वाटेवर एक म्हातारी आणि एक पोर वाकून घास कापत होती. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावरच वाटतं.

मला थांबायचं होतं. मुकादम ढकलत होता. सुदर्शन पुढच्या सीटवर पाय वर घेऊन, डोळे मिटून मान हलवत होता.

ते शेंडे स्नेहलनं विहिरीच्या कठड्यावरून पाहिले. तिचं तोंड उघडलेलं मला दिसलं. आवाज आला नाही. तो आम्ही खाल्ला होता. मग ती पळत सुटली. चप्पल चिखलात राहिली, पदर बांधावरच्या काट्यात फाटला. तिनं खोक्यामागच्या वायरी दोन्ही हातांनी धरल्या आणि उपटल्या.

सुदर्शननं दचकून उरलेलं गाणंही बंद केलं. शांत झालं. आणि पलीकडून हाक आली.

"सुदर्श्याऽ! आरं सुदर्श्याऽ!"

ही पहिली हाक नव्हती, हे त्या फाटलेल्या आवाजावरून कुणालाही कळलं असतं. दोघंही ऊस फोडत धावले. मी डिकीतच. ऐकू सगळं येत होतं, दिसत काहीच नव्हतं. मग हाकही बंद झाली. त्यानंतरची शांतता मी अजून विसरलेलो नाही.

बऱ्याच वेळानं ती माणसं परत आली. संस्कृती बापाच्या खांद्याला चिकटलेली. जिवंत. सरूबाईच्या हातातला विळा काही केल्या सुटत नव्हता.

"पोरीला पोटाखाली घेतलं आन वरडत बसले," तिचा घसा पार बसला होता. "त्यो फुडं येईना का मागं जाईना. नुसता गुरगुरत व्हता. मागं तुजा दणका, फुडं मी. त्यो पन भ्यालेला व्हता रं. गानं बंद झालं, तसा वळला आन उसात शिरला. आन तू? आई वरडतीय, आन तू हितं गानी ऐकतुयास!"

संस्कृती अजूनही दार जोरात लागलं तरी आजीचं लुगडं धरते.

आम्हाला काढून कांदे साठवायच्या बराखीत टाकलं. उंदरांनी माझ्या भावाची छाती कुरतडली. मला कुणी विचारलं नाही, याचं वाईट वाटलं नाही. तिथं शांतता होती.

पण गावाची जीभ बघा! चहाच्या टपरीवर गोष्ट उलटीच पिकली. "सुदर्शनच्या सेटनं बिबट्या पळवला." आणि सुदर्शननं ती खोडली नाही. आईची हाक आपल्याला ऐकू आली नाही, हे चारचौघांत सांगायला जिगर लागते. ती त्याच्यात नव्हती. काल गावातला गोरख सेट विकत घ्यायला घरी आला. "बिबट्याचा सेट त्यो ह्योच का, भाऊ?" सुदर्शन जमिनीकडं बघत म्हणाला, "ह्योच." स्नेहल घरात नव्हती. असती तर तिनं मला विहिरीत टाकलं असतं, पण दिलं नसतं.

आज मी पुन्हा रुपेशच्या दुकानात आहे, गोरखच्या गाडीत.

"एवढा आवाज कशाला, गोरखभाऊ?"

"आपला ऊस लई मोठा हाय. पार पलीकडच्या टोकाला ऐकू गेला पायजे."

"पलीकडं काय हाय?"

"काय न्हाई. आमची मंडळी आन पोरं उद्या भुईमूग काढायला जात्यात."

मित्रांनो, रुपेश आत्ता लाल वायर बॅटरीकडं नेतो आहे. माझं कोण ऐकणार? पण तुम्हाला बोलता येतं. कुणी आमच्यासारख्यांचं तोंड उसाकडं करत असेल, तर त्याचा हात धरा. पलीकडं कोण वाकलं आहे ते आधी बघायला लावा. आणि गाणी लावायचीच तर इतक्या हळू लावा, की माणसाची पहिलीच हाक ऐकू येईल.

जा, गोरखला सांगा. उद्या सकाळी भुईमुगाला माणसं उतरणार आहेत.