डावी मोटर, उजवी मोटर

मोटर म्हटली की सुसाट सुटते, एवढंच थोरलीला आजवर ठाऊक होतं. पंख्याची सुटते, मिक्सरची सुटते, आणि वडलांच्या जुन्या करवतीची तर अशी सुटायची की बोटं सांभाळून उभं राहावं लागे. पण धाकटीने कामाच्या टेबलावर मांडलेल्या या काळ्या चौकोनी मोटरी म्हणे पावलं मोजून टाकणाऱ्या होत्या. सांगाल तेवढीच पावलं टाकायची आणि थांब म्हटलं की जिथल्या तिथे घट्ट उभं राहायचं.

"म्हणजे तुझ्या अगदी उलट," थोरली म्हणाली.

"म्हणजे अगदी तुझ्यासारख्या," धाकटी म्हणाली. "हलवून हलत नाहीत."

दोघींच्या केसांत काळा केस शोधावा लागला असता, पण या पत्र्याच्या छपराखाली आल्या की त्यांची वयं दाराबाहेरच राहत. घरामागची ही कार्यशाळा वडलांची. वडील इथे अक्षरपाट्या करायचे. तळहाताएवढी लाकडी पाटी, आणि तिच्यात खोल, गुळगुळीत कोरलेलं एक अक्षर. पेन्सिल हातात येण्याआधी मुलांनी त्या खाचेतून बोट फिरवायचं, म्हणजे अक्षर आधी बोटाला पाठ होतं आणि मग डोक्याला. कोपऱ्यावरच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या याच पाट्या जात होत्या. वडलांनंतर थोरलीने पटाशी हातात घेतली ती अजून ठेवली नव्हती. धाकटी टेलिफोन खात्यात तारा जोडत राहिली आणि निवृत्त झाल्यावर बाडबिस्तरा उचलून पुन्हा याच घरात आली. घरात सगळे तिला चिमणी म्हणत. म्हणणारे एकेक करून गेले, आता थोरली एकटीच म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात थोरलीचं मनगट रुसलं. पटाशी धरली की कळ थेट खांद्यापर्यंत जाई. शाळेच्या जुन्या पाट्या झिजल्या होत्या, नव्या होत नव्हत्या. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी निरोप धाडला. शनिवारी येते, तेव्हा एखादा नमुना दाखवा, नाहीतर नाइलाजाने प्लॅस्टिकच्या मागवाव्या लागतील. तिकडे शेजारचा वेल्डर कार्यशाळेच्या जागेवर केव्हाचा डोळा ठेवून होता. "ताई, देऊन टाका की मला. तुम्हाला तरी किती दिवस ओढायचंय?" असं तो प्रेमानेच विचारायचा, आणि त्या प्रेमाचाच थोरलीला जास्त राग यायचा. पण गेल्या आठवड्यात तिने त्यालाही सांगून टाकलं होतं, "शनिवारी काय ते कळवते." शाळा गेली तर कार्यशाळेला कुलूप, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून हे यंत्र. संगणकावर अक्षर काढायचं आणि यंत्राने ते लाकडात कोरायचं. लाकडी सांगाडा थोरलीने बांधला. मनगट रुसलेलं असलं तरी कोन एक केसभर चुकला नव्हता. टेबलाच्या दोन्ही कडांना रूळ होते, रुळांवर मागेपुढे सरकणारा एक आडवा पूल, आणि पुलावर कोरणारं पातं. पूल सरकवायला डाव्या रुळावर एक मोटर आणि उजव्या रुळावर एक. पातं बाजूला न्यायला आणि वरखाली करायला आणखी दोन. तारांचं सगळं धाकटीकडे.

प्रत्येक मोटरीतून चार तारा निघत. त्यात दोन-दोनच्या जोड्या, पण कुठली कुणाची जोडीदार हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

"दोन तारांची टोकं एकमेकींना टेकव आणि मोटरचा दांडा बोटांनी फिरव," धाकटीने शिकवलं. "सहज फिरला तर जोडी नाही. अडला तर जोडी."

थोरलीला हा खेळ फारच आवडला. "ही सुटीच आहे... हीसुद्धा सुटी... ही बघ अडली! जमलं यांचं!" अशी एकेक जोडी ती जुळवत गेली. धाकटीने त्या स्क्रूखाली आवळल्या आणि सांगून ठेवलं की एका जोडीतल्या दोन तारा अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते, तेव्हा उगाच हात लावायचा नाही.

मग मोटरीला वीज किती द्यायची ते ठरवणं आलं. कमी दिली तर पावलं चुकतात, जास्त दिली तर तापते. धाकटी बारक्या पेचकसाने एक इवलासा स्क्रू कणाकणाने फिरवी आणि थोरली मोटरीवर तळहात ठेवून बसे.

"अंगात कणकण आहे."

"आता?"

"आता उतरली. झोपू दे तिला."

पावलांचंही तसंच. वीतभर जा म्हटलं तर पातं बोटभर गेलं आणि थांबलं. थोरलीने पट्टी लावून बघितलं आणि ती धाकटीच्या नाकासमोर धरली. धाकटीने कानामागे पेन्सिल खोचली, काहीतरी पुटपुटली, एक छोटी कळ खाली केली, आणि पुढच्या वेळी पातं वीतभरच गेलं. थोरलीने मुकाट्याने पट्टी खिशात घातली. तिच्या मते ही मोठी शाबासकी होती.

गाडी अडली ती पुलापाशी. शुक्रवारी दुपारी दोन्ही बाजूंच्या मोटरी पहिल्यांदा एकत्र चालू केल्या, तर डावी बाजू पुढे निघाली आणि उजवी मागे. पूल तिरका झाला, सांगाडा कण्हला, आणि धाकटीने झडप घालून वीज बंद केली.

"डावीचं काहीतरी बिघडलंय," थोरली म्हणाली.

"डावी शहाणी आहे. उजवी उलटी फिरतेय."

"तुला कसं कळलं?"

"तुला कसं कळलं?"

झालं. मग मोटरी राहिल्या बाजूला आणि भांडण जुन्या वाटेने निघालं. लहानपणी सायकल कुणी पाडली इथपर्यंत जाऊन आलं. शेवटी थोरली पाट्या घासायला लागली आणि धाकटी पाय आपटत अंघोळीला गेली.

या घरात दुसऱ्याची चूक तोंडावर सांगायची पद्धत नव्हती. ही वडलांची शिकवण, म्हणजे त्यांनी सांगितलेली नव्हे, केलेली. मुलींनी एखादी पाटी वाकडी कापली तर ते चकार शब्द काढत नसत. पाठ वळली की रंधा फिरवून ठेवत. सकाळी पाटी सरळ दिसे आणि मुलींना वाटे, आपल्यालाच जमली. वडलांचीच एखादी खाच चुकली तर मुलीही तेच करत. सगळं घर असं एकमेकांच्या मागून हळूच सुधारत चाललेलं होतं, आणि कुणालाच कधी कमीपणा येत नव्हता.

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज यायला लागला तशी थोरली उठली. वीज बंद असल्याची दोनदा खात्री केली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि डाव्या मोटरीच्या एका जोडीतल्या दोन तारा सोडवून अदलाबदल करून आवळल्या. चालवून बघितलं नाही. चालवलं असतं तर आवाज झाला असता, आणि आवाज झाला असता तर चिमणीला कळलं असतं. उद्या यंत्र नीट चालेल, तिला वाटेल तिचंच बरोबर होतं. वाटू दे. त्या रात्री थोरलीला छान झोप लागली.

सकाळी मुख्याध्यापिकाबाई आल्या. उंच, सडसडीत, आणि कुठेही उभ्या राहिल्या तरी वर्गातच उभ्या असल्यासारख्या. थोरलीने स्टूल पुसून दिलं. धाकटीच्या चेहऱ्यावर कालच्या भांडणाचा मागमूस नव्हता. उलट ती थोरलीकडे बघून अशी गोड हसली की थोरलीला जरा शंकाच आली.

"चालू करू, ताई?"

"कर की. मला काय विचारतेस?"

धाकटीने कळ दाबली. डावी बाजू मागे निघाली, उजवी पुढे. पूल तिरका झाला, सांगाडा कण्हला, आणि या वेळी एक लाकडी खुंटी ठक्‌ करून निखळून बाईंच्या पायाशी जाऊन पडली.

बाईंनी खुंटी उचलली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि टेबलावर ठेवली. "हे असंच चालतं का?"

"नाही हो! मी तर सकाळीच—" धाकटी बोलता बोलता थांबली.

थोरलीने डोळे बारीक केले. "सकाळी काय?"

"काही नाही."

"चिमणे."

"तू कुंड्यांना पाणी घालत होतीस तेव्हा संगणकात एक खूण करून उजवी मोटर उलटी करून ठेवली. तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही." मग तिचेही डोळे बारीक झाले. "आणि तू?"

"मी डावीच्या तारा बदलल्या. काल. तू अंघोळीला गेलीस तेव्हा."

धाकटीला हसू फुटलं. "ताई, दातांच्या डॉक्टरसारखंच झालं गं!" भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं म्हणून एकदा एकीने सकाळी गुपचूप पुढे केलं होतं आणि दुसरीने दुपारी. दोघी इतक्या लवकर दवाखान्यात पोचल्या होत्या की फरशी पुसणाऱ्या बाईंनी त्यांना पाय वर घेऊन बसायला लावलं होतं.

"म्हणजे दोघींपैकी एकीने आपली दुरुस्ती मागे घ्यायची, एवढंच ना?" बाईंनी विचारलं.

"मी घेते," धाकटी म्हणाली.

"कशाला? मी घेते. तारांचं काम तुझं."

"नको, तुझं मनगट दुखतं."

"दोन तारा सोडवायला मनगट लागत नाही. मी घेते म्हटलं ना!"

आणि दोघी एकाच वेळी हलल्या, एक संगणकाकडे, एक तारांकडे. बाईंनी टाळी वाजवली. शाळेतली ती टाळी. दोघी जागच्या जागी थिजल्या.

"तुम्ही," बाईंनी थोरलीकडे बोट केलं, "हात मागे. आणि तुम्ही तुमचं काय ते काढा."

थोरलीने खरोखरच हात मागे घेतले. धाकटीने संगणकातली आपली खूण काढली, खुंटी जागेवर ठोकली आणि कळ दाबली. पूल सरळ निघाला. डावी-उजवी एका पावलाने, कुरकुर नाही की कण्हणं नाही. थोरलीचा जीव भांड्यात पडला. शिवाय तिचीच दुरुस्ती राहिली होती, त्यामुळे मान जरा ताठ झाली, ती कुणाला दिसली नसावी असं तिला वाटलं.

पातं लाकडात उतरलं. भुसा उडाला. जरा वेळाने धाकटीने फुंकर मारून पाटी बाईंच्या हातात दिली.

'म' होता. पण त्याची शिरोरेषा पायाशी होती. बाईंनी पाटी फिरवून पाहिली. शिरोरेषा वर आली, तर उजवीकडची उभी रेघ डावीकडे गेली.

"याने शीर्षासन केलंय," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी एक रंगीत प्लॅस्टिकची पाटी काढली आणि शेजारी ठेवली. तिच्यावरचा 'म' अगदी बिनचूक होता. "मलाही या फार आवडतात असं नाही. पण मुलांना सोमवारी काहीतरी द्यायला हवं."

थोरलीने त्या उलट्या 'म'कडे बघितलं. धाकटीला सगळं कळलेलं होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. डावी मोटर पहिल्यापासून बरोबर होती. उजवी उलटी होती. थोरलीने शहाणीलाच बिघडवून वेडीच्या चालीने चालवलं, म्हणून सबंध पूलच उलटा चालला. धाकटी आता काहीतरी निमित्त काढून तिला बाहेर धाडणार, चहा ठेव म्हणणार, आणि परत येईपर्यंत सगळं नीट झालेलं असणार.

"ताई, जरा चहाचं बघतेस?" धाकटी म्हणाली.

कुंपणापलीकडे वेल्डरची ठोकाठोक चालली होती. थोरलीने पेचकस उचलला.

"चहा नंतर. डावी बरोबर होती, चिमणे. चूक माझी."

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस ते. पुन्हा म्हणणार नाही. वीज बंद कर."

तिने स्वतः डावीच्या तारा होत्या तशा लावल्या. धाकटीने उजवीची खूण पुन्हा केली, या वेळी मोठ्याने सांगून. दुसरी पाटी निघाली ती सुलट. बाईंनी डोळे मिटून खाचेतून बोट फिरवलं आणि एका वळणावर थांबल्या. "इथे टोचतंय."

थोरलीने तिथे नख लावून पाहिलं. "इथे लाकडाची रेघ उलटी येते. घाई केली की तंतू उठतात. मी इथे हात हळू करायचे. यंत्राला हळू जायला सांगता येतं?"

"सांगशील तितकं हळू."

"मग या वळणावर निम्म्या वेगाने. आणि शेवटी एकदा वरवरून, नुसतं कुरवाळल्यासारखं."

"कुरवाळल्यासारखं म्हणजे किती, ते आकड्यात सांग."

ते आकड्यात बसवायला दोघींना तीन पाट्या आणि एक छोटंसं भांडण लागलं. चौथ्या पाटीवर बाईंनी बोट फिरवलं, मग परत फिरवलं, मग आणखी एकदा. प्लॅस्टिकची पाटी त्यांनी पिशवीत टाकली. "सोमवारपर्यंत एका वर्गापुरत्या होतील?"

"होतील," दोघी एकदम म्हणाल्या.

थोरली बाईंना दाराबाहेर सोडून वळली तसा वेल्डर कुंपणावरून डोकावला. "ताई, आवाज कसला हो हा? आणि आज शनिवार. काय ठरलं?"

"जागा मिळायची नाही," थोरली म्हणाली. "पण टेबल डुगडुगतंय. एक लोखंडी पाय जोडून द्या, तेवढा शेजारधर्म करा."

वेल्डरने कपाळाला हात लावला, पण मोजमाप घ्यायला टेप घेऊन लगेच दाराशी आला.

आतून धाकटी ओरडली, "ताई, पुलाचा एक नट सैल होता, मी आवळलाय हं! नंतर म्हणू नकोस सांगितलं नाही!"

"कुठला?"

"उजव्या टोकाचा!"

"अगं, तो मी मुद्दाम सैल ठेवला होता!" थोरली म्हणाली आणि वेल्डरला टेप धरून तसाच उभा सोडून आत धावली.