ओली चिंधी

इस्पितळाच्या सर्जनबाई यायला तासभर होता, आणि तेवढ्यात चिरंजीवांनी आईच्या कमरेला खोचलेली चिंधी काढून घेतली.

"आजचा दिवस ही नको, आई. आणि विचारलंच तर सांग, आजोबांचा कारखाना होता."

"तुझ्या आजोबांच्या पायात धड चप्पल नव्हती."

"वर्षभराचं काम मिळतंय. एवढं ऐक."

आईचं डोकं सणकलं. बावीस वर्षं तिनं सायकलवर धारेचं चाक बसवून दारोदार सुऱ्या-कात्र्यांना धार लावली होती. आता तिच्या कारखान्यात शस्त्रक्रियेच्या कात्र्या बनत होत्या, साठ माणसं कामाला होती, आणि पोटच्या पोराला त्या सायकलची लाज वाटत होती. गुळगुळीत माहितीपत्रकावर चिरंजीवांनी ठळक छापून घेतलं होतं, 'तीन पिढ्यांचा उद्योग'.

सर्जनबाई आल्या. एक कात्री उचलून त्यांनी विचारलं, "धार तपासता कशी?"

चिरंजीव लगबगीनं यंत्राकडे गेले. कात्रीनं यंत्रातलं कोरडं कापड कापलं आणि हिरवा दिवा लागला.

आईला राहवेना. कोरडं कापड बोथट कात्रीही कापते, ओलं कापताना तिचं पितळ उघडं पडतं. चिंधी तर नव्हती. तिनं टेबलावरचं माहितीपत्रक घेतलं, पाण्याच्या ग्लासात बुचकळलं आणि त्यावर कात्री चालवली. 'तीन पिढ्यांचा' सरळ कापलं गेलं. 'उद्योग'पाशी कात्रीच्या टोकात कागद दुमडला.

"हा सगळा माल परत धारेला न्या," ती कामगारांना म्हणाली. चिरंजीवांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे कुठे शिकलात?" सर्जनबाईंनी विचारलं.

"आजोबांच्या..." चिरंजीवांनी सुरुवात केली.

"रस्त्यावर," आई म्हणाली. "मी सायकल घेऊन धार लावत फिरायचे. ओली चिंधी कापून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात कात्री दिली नाही कधी. याच्या शाळा-कॉलेजची फी त्याच सायकलनं भरली."

"पण माल परत गेला, तर मी करारावर सही कशाच्या भरवशावर करू?"

"नका करू. बोथट कात्री मी कुणाच्या स्वयंपाकघरात ठेवून आले नाही. तुमच्या पेशंटच्या पोटात कशी घालू?"

सर्जनबाईंनी तो दुमडलेला कागद कात्रीच्या टोकातून सोडवला. मग म्हणाल्या, "नवा माल कधी?"

"सोमवारी. येताना तुमच्या जुन्या कात्र्याही आणा, धार लावून देते." आईनं चिरंजीवांपुढे हात केला. "दे माझी चिंधी."