कंपनीचे जावई

सासरची माणसं त्याला ‘कंपनीचे जावई’ म्हणायची, आणि त्याचा राग येण्याऐवजी तो मनातून सुखावायचा. कंपनी म्हणजे गाड्यांची ती कंपनी, जिच्या प्रत्येक गाडीच्या नाकावर पितळी बगळा उभा असतो. कोणी गाडीचा विषय काढायचा अवकाश, की हा सुरू व्हायचा. बैठक कशी ऐसपैस, दार लावल्याचा आवाज कसा भारदस्त, वळणावर कशी जमिनीला धरून असते. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य : ‘इतक्या वर्षांत एकदाही बंद पडली नाही.’ स्वतःच्या सासऱ्यांबद्दल तो इतकं चांगलं कधी बोलला नव्हता.

गाडी बंद पडायची. अगदी पहिल्या वर्षापासून पडायची. इंजिन चांगलं तापलेलं असताना गाडी थांबवून पाचदहा मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली, की ती नुसती खोकायची आणि गप्प व्हायची. पेट्रोल ओढणारा मुठीएवढा एक पंप इंजिनाच्या डाव्या अंगाला होता, तो तापला की संपावर जायचा. तीन मेकॅनिकांनी तीन वेळा तो बदलून दिला. नवाही जुन्याच्याच वळणावर गेला. शेवटी इलाज याचा यानंच शोधला : पंपावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं दोन मिनिटं ठेवायचं, गाडी शहाण्यासारखी चालू होते. तेव्हापासून डिकीत पाण्याची एक बाटली आणि पिवळं फडकं कायमचं राहायला आलं.

मग सांगून टाकायचं होतं की, असं कोणीही म्हणेल. पण मध्ये साडू होता ना. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दोघांनी एकाच महिन्यात गाड्या घेतल्या, आणि घेण्याआधी साडूनं चारचौघांत सांगितलं होतं, “बगळा घेऊ नका हो. बगळा एका पायावर तासन्‌तास उभा राहण्यात पटाईत असतो, तुमची गाडीही तशीच रस्त्यात उभी राहील.” सगळे हसले होते. त्या हसण्यानं त्याचा हट्ट पक्का झाला. बगळाच घेतला, आणि घेतल्यावर आठच दिवसांनी तो रस्त्यात उभा राहिला, तेव्हा साडूला हे कळू देण्यापेक्षा त्यानं जीभ कापून दिली असती.

त्याचा धंदाच दात बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, हा आपल्या लहानशा कार्यशाळेत कवळ्या घडवायचा, अशा की खुद्द घालणाऱ्याला विसर पडावा. खोटं खऱ्यासारखं बसवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. बायको बरोबर असली तर तो चावी फिरवून बघायचाच नाही. आधीच खाली उतरून बॉनेट वर करायचा आणि म्हणायचा, “इंजिन जरा डोळ्यांखालून घालतो.” बॉनेटच्या आडोशाला फडकं आपलं काम करायचं. ती आत बसून शाळेच्या गणिताच्या वह्या तपासायची आणि मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, “हा गाडीला लेकरासारखा जपतो.” ती स्वतः गाडी न्यायची ती शाळेत आणि परत, तेवढ्यात इंजिन काही तापायचं नाही. असं सगळं छान झाकलेलं होतं.

आता त्या दोघी बहिणींचं सांगायला हवं. त्यांची आई गेली तेव्हा एक स्वेटर अर्धा विणून राहिला होता, सुया तशाच अडकवलेल्या. हिला तो पुरा करायचा होता. ताईनं कोणाला न विचारता तो उचलून नेला. “मागितला असतास तर दिला नसता का?” “आईची वस्तू मी तुझ्याकडे मागायची?” एका स्वेटरावरून लहानपणापासूनचं सगळं उकरून झालं, आणि बोलणं बंद पडलं. दोन वर्षं घरात ताईचं नाव निघालं नाही. पण आईनं वापरलेल्या लोकरीचा रंग दुकानात दिसला की ही उगाच थांबायची, हे तो बघत होता.

मग एके दिवशी ताईचाच फोन आला. साडू आणि ती मुलाकडे परदेशी कायमची राहायला निघाली होती. संध्याकाळची आगगाडी होती, पुढे विमान. ताई एवढंच म्हणाली, “स्टेशनवर ये. येशील ना?” ही फोन ठेवून कितीतरी वेळ हसत-रडत होती. ठरलं असं की त्यानं कामावरून परस्पर स्टेशनवर जायचं, आणि हिनं शाळेतून घरी जाऊन, कपडे बदलून, गाडी घेऊन यायचं.

तो वेळेच्या आधी पोचला. सामानाच्या ढिगाशेजारी साडू पहारा देत उभा, आणि ताईच्या हातात कापडी पिशवी. पिशवीतून विणायच्या सुयांची दोन टोकं बाहेर डोकावत होती. त्यानं ती पाहिली आणि त्याला खरंच भरून आलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“अरे, पेट्रोल भरायला थांबले आणि आता चालूच होत नाहीये. काय करू?”

भर उन्हातून, गर्दीतून आली होती. इंजिन तापलेलं. काय झालंय हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. डिकी उघड, बाटली घे, फडकं भिजव, डाव्या अंगाला ठेव. एवढीच चार वाक्यं. पण हातभर अंतरावर साडू कान टवकारून उभा होता, आणि त्याच्या मिशीत हसू फुटायच्या बेतात होतं.

“घाई केली असशील,” तो फोनमध्ये म्हणाला. “पेट्रोल जास्त गेलं असेल. क्लच नीट दाब आणि थोड्या वेळानं परत बघ.”

“काय हो, कंपनीचे जावई?” साडूनं विचारलं. “बगळा बसला वाटतं?”

“छे, छे. तिला निघायलाच उशीर झाला.”

हे वाक्य ताईनं ऐकलं. तिनं पिशवीचे बंद एकमेकांत गुंडाळले, सुया आत ढकलल्या, आणि मग आगगाडी येईपर्यंत ती जिन्याकडेच बघत राहिली. तो काही पाण्याच्या नळाआड जाऊन फोन करू शकला नसता का? शकला असता. दोनदा पाऊल उचललंही. पण साडू ‘चला, मीही येतो’ म्हणाला आणि हा परत जागेवर आला. इंजिन आपसूक निवल्यावर गाडी चालू झाली, पण बायको जिन्यावरून धावत उतरली तेव्हा फलाटावर हमाल आणि हा, एवढेच उरले होते.

रात्री विमान सुटायच्या आधी तिनं ताईला फोन लावला, गाडी बंद पडली होती म्हणून सांगितलं. ताईचा आवाज शेजारी बसलेल्या त्यालाही ऐकू आला. “यायचं नव्हतं तर तसं सांगायचंस. तुमची गाडी कधी बंद पडत नाही, हे गेली कित्येक वर्षं तुझ्या नवऱ्याच्या तोंडून ऐकतेय मी.” आणि फोन बंद झाला.

त्याला वाटलं, आता ही आपल्याकडे वळेल, भांडेल. तिनं भांडण केलंच नाही. ती म्हणाली, “चूक माझीच. तुझ्या हातात इतकी वर्षं सुरळीत चाललेली गाडी मी एका दिवसात अडवली.” दुसऱ्या दिवसापासून ती दोन बस बदलून शाळेत जाऊ लागली. ज्या बाईनं लग्नाआधी वडिलांची जीप घाटातून चालवली होती, तिनं लायसन्स कपाटात आईच्या चष्म्याशेजारी ठेवून दिलं. शेजारीण म्हणाली, “मला बाजारात सोडतेस का गं?” तर ही म्हणाली, “मला नीट गाडी येत नाही.” हे त्यानं स्वयंपाकघरात उभ्यानं ऐकलं आणि हातातला घास तोंडापर्यंत गेला नाही.

सांगायचं त्यानं रोज ठरवलं. सकाळी दाढी करताना वाक्य जुळवायचा, रात्री ते गिळून झोपायचा. कवळीला आकार देताना हात थांबायचा आणि डोळ्यांपुढे त्या दोन सुया यायच्या. आपण भित्रे आहोत हे त्याला उमजलं होतं. ते बायकोला उमजावं, एवढंच नको होतं. त्यापेक्षा ही गाडीच काढून टाकावी, म्हणजे पुरावाही गेला आणि पापही गेलं, अशी पळवाट त्यानं काढली. आणि घ्यायची कुठली, या प्रश्नावर तो अडला. दुसऱ्या कंपनीची घ्यावी तर साडूपुढे हार. बगळ्याचीच घ्यावी तर पुन्हा बाटली, पुन्हा फडकं.

“दुसरी कशाला बघतोस?” बायकोच म्हणाली. “बगळ्याचीच घे. तिनं तुला कधी दगा दिला नाही. मला जमली नाही म्हणून गाडीला का बोल लावायचा?”

त्यानं शोरूमला फोन करून वेळ घेतली. लाज वाटत होती, तरी घेतली.

रविवारी दोघं निघाली. ती शेजारच्या सीटवर, मांडीवर हात घेऊन, पाहुण्यासारखी. ऊन मी म्हणत होतं आणि रस्ता तुंबलेला. पेट्रोलचा काटा खाली आला होता, आणि वाटेत पेट्रोल पंप होता तो नेमका तोच, जिथं तिची गाडी अडली होती. त्यानं पेट्रोल भरून घेतलं, गाडी हवेच्या नळीजवळ बाजूला घेतली आणि चाकांत हवा भरेपर्यंत इंजिन बंद ठेवलं. मग सवयीनं डिकीतून बाटली-फडकं काढलं, बॉनेट वर केलं, फडक्यावर पाणी ओतून बाटली जमिनीवर ठेवली.

बॉनेटच्या फटीतून त्याला ती दिसली. ती आत बसूनच दाराबाहेर, जमिनीकडे बघत होती. त्या दिवशी ती इथंच कुठंतरी उभी असणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत. ही जागा ती ओळखत होती आणि काही बोलत नव्हती. त्यानं फडकं तसंच हातात ठेवलं, बॉनेट खाली आपटलं आणि तिच्या दाराशी गेला.

“तू चालव.”

“नको रे. नवीन गाडी घ्यायला जाताना जुनी मोडून ठेवीन मी.”

“नुसती चावी फिरव. माझ्यासाठी.”

ती नाइलाजानं पलीकडच्या सीटवर सरकली. चावी फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. तिनं लगेच हात मागे घेतले. “बघ. मी हात लावला की असंच.”

“आता मी बघतो.” त्यानं वळसा घालून तिच्या खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गाडी तशीच खोकत राहिली. बायकोनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ओल्या फडक्याकडे.

“ती बंद पडते,” तो म्हणाला. “पहिल्या वर्षापासून पडते. तापली की पडते. मी फडकं ठेवतो मग चालते. त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मला माहीत होतं. भाऊजी शेजारी उभे होते, म्हणून बोललो नाही. ताईंना मीच सांगितलं, की तुला निघायला उशीर झाला.”

आता थांबावं असं त्याला फार वाटलं, पण अर्ध्यावर थांबायची सवय त्या गाडीची होती.

“त्यांच्या हातात पिशवी होती. आईंचा स्वेटर होता त्यात. सुया दिसत होत्या. तुझ्यासाठीच आणला होता.”

मग ती शांतपणे खाली उतरली. बॉनेट तिनंच वर केलं. “कुठं ठेवायचं ते दाखव.”

त्यानं दाखवलं. तिनं फडकं ठेवलं आणि पंपाकडे पाहत उभी राहिली. दोन मिनिटं दोघं शेजारी शेजारी उभी होती, आणि त्याचा खांदा लागू नये म्हणून ती जराशी सरकली. तिनं फडकं उचलून त्याच्या हातात दिलं, बॉनेट लावलं, आत बसली, चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

“फोन लाव,” ती म्हणाली. “ताईला नाही. भाऊजींना लाव.”

त्यानं लावला. साडूनं पलीकडून “बोला, कंपनीचे जावई,” म्हटलं.

“भाऊजी, तुम्ही म्हणाला होतात ते खरं आहे. गाडी बंद पडते. त्या दिवशीही पडली होती. ती वेळेवर निघाली होती, मी तुमच्यासमोर खोटं बोललो. ताईंना सांगा.”

साडू हसेल म्हणून तो दात आवळून उभा होता. साडू हसला नाही. तो म्हणाला, “अहो, ही त्या दिवशी विमानात रात्रभर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.” मग लांब जाऊन हाक मारल्याचा आवाज आला.

बायकोनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि फोन त्याच्याकडून घेतला. काच वर गेली. आतलं त्याला काही ऐकू येईना. ती आधी ऐकत राहिली, मग बोलली, मग डोक्यावर हात मारून रडता रडता हसली. एकदाही तिनं बाहेर पाहिलं नाही. बोलणं झाल्यावर तिनं फोन शेजारच्या सीटवर ठेवला, आरशात बघून डोळे पुसले, आणि गियर टाकला.

तो दोन पावलं पुढे झाला. गाडी त्याच्यासमोरून वळली, घराच्या दिशेनं. हवेच्या नळीपासून रस्त्यापर्यंत बरंच अंतर होतं, आणि तेवढ्या अंतरात त्यानं मनापासून मागितलं की गाडीनं आता, फक्त आता, एकदा बंद पडावं. रस्त्याच्या तोंडाशी ती थांबली, गाड्या जाऊ दिल्या, आणि अगदी लोण्यासारखी रस्त्याला लागली.

हवा भरणारा माणूस नळी गुंडाळत जवळ आला. “मस्त पळते हो. बगळ्याची ना? मलाही घ्यायचीय. त्रास देत नाही ना काही?”

त्याच्या तोंडात उत्तर तयार होतं. इतक्या वर्षांत ते इतकं घासलं गेलं होतं की जीभ आपोआप उचलली गेली.

“देते,” तो म्हणाला. मग त्यानं हातातलं फडकं पिळलं, बाटलीचं झाकण लावलं, आणि बस कुठून मिळते ते त्या माणसाला विचारलं.