डाव्या हाताने

ठाण्यात रहदारीचे नवे नियम लागू झाले, त्या वर्षीची ही हकीकत. स्टेशनच्या वाटेवर झेवियर नावाच्या गाडीवानाची बैलगाडी उजव्या बाजूने आली आणि समोरच्या टांग्यावर आदळता आदळता वाचली. हवालदार दौलत याने त्याला मॅजिस्ट्रेट त्र्यंबकरावांपुढे उभे केले. गुन्हा किरकोळ खरा. परंतु तो शाबीत झाल्यास गाडीवानकीचा बिल्ला जप्त व्हायचा होता, आणि बिल्ल्यावाचून माजिवड्याच्या या माणसाला गाडीत एकही उतारू बसवता आला नसता.

"नियम ठाऊक होता?" रावसाहेबांनी विचारले.

"व्हता, सायेब. दवंडी माझ्या कानानं ऐकली. गाड्या डाव्या हातानं हाका."

"मग उजवीकडून का आणलीस?"

"बैल उजवीकडं गेले, सायेब. पन हाकली मी डाव्याच हातानं."

कचेरीत खसखस पिकली.

"रावसाहेब, आसामी बनेल आहे," दौलत म्हणाला. "उद्या म्हणेल, पायाने हाक म्हटलं असतं तर पायाने हाकली असती!"

"हाकली असती," झेवियर गंभीरपणे म्हणाला.

हशा दुणावला. रावसाहेब मात्र हसले नाहीत. तृतीया विभक्ती येथे मार्ग दाखवते की साधन, असले वाद त्यांनी विद्यार्थिदशेत हौसेने घातले होते. तिच्या एका प्रत्ययाला कोणाची रोजी टांगलेली असेल, हे त्यांच्या स्वप्नीही आले नव्हते.

"हात पुढे कर. दोन्ही."

उजव्या तळव्यावर जुने, निबर घट्टे होते. डावा तळवा कासऱ्याने सोलून निघाला होता आणि फोडांवर हळद दाबलेली होती.

रावसाहेब न्यायासनावरून उठले, खाली आले आणि तो हात त्यांनी आपल्या हातात घेतला. असे त्या कचेरीने कधी पाहिले नव्हते. समजलेला कायदा पाळणारे पुष्कळ असतात. न समजलेला कायदा, कोणी पाहत नसताना, कातडे सोलेपर्यंत पाळणारा मनुष्य त्यांच्यापुढे उभा होता. दौलतची मान आपोआप खाली गेली.

"दुखलं नाही?"

"दुखलं की. पन सरकारचा हुकूम. वाटलं, उजवा हात लई जोरात हाकतो, म्हनून असंल."

रावसाहेबांनी तो हात हलकेच सोडला. मग ते सावकाश म्हणाले, "आरोपी निर्दोष आहे. त्याचा बिल्ला त्याला द्या. आणि यापुढे दवंडीत 'रस्त्याच्या डाव्या कडेने' असे स्पष्ट पुकारले जावे."

झेवियरने बिल्ला दंडाला बांधला. दाराशी तो थबकला.

"सायेब, मंग उजव्या हाताला आता मोकळीक हाय ना?"

"आहे," रावसाहेब उभ्यानेच म्हणाले.