नऊशे बांबूंवरची लाल खूण

स्युई नदीच्या काठच्या टेकड्यांवर जसा बांबू येतो तसा दुसरीकडे कुठेच येत नाही, असं तिथली माणसं सांगतात. कुणाला ते पटवून द्यायची मात्र त्यांना गरज वाटत नाही. परदेशातले कारागीर हा बांबू मागवतात, उभा चिरतात, त्याच्या कामट्या रंध्यानं तासतात आणि सहा-सहा कामट्या एकमेकींना चिकटवून गळाची काठी करतात. साध्या भाजीच्या मळ्यात टोमॅटोला आधार द्यायला तोच बांबू जातो. कुठला टोमॅटोला आणि कुठला गळाला, हे ठरवायचं काम नदीकाठच्या वखारीत फुंग छोइहाचं होतं. अठ्ठावीस वर्षं ती तेच करत आली होती.

वीतभर लोखंडी सळी घेऊन ती बुंध्यावर ठोका द्यायची आणि मान कलती करून ऐकायची. दोन वर्षांचा कोवळा बांबू बद्द वाजतो. तीन-चार वर्षांचा पिकलेला खणखणतो. मग ती गाठींवरून अंगठा फिरवायची, सरळ करताना विस्तवानं कुठं करपलाय का ते बघायची आणि सगळं मनासारखं असेल तरच बुंध्यावर तांबड्या रंगानं दोन आडव्या रेघा ओढून वर एक ठिपका द्यायची. शंभरातल्या फार तर वीस-बावीस बांबूंच्या नशिबी ती खूण यायची. उरलेले गेले टोमॅटोला.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात वखारीवर नवा मॅनेजर आला. आडनाव आउ. आधी तालुक्याला खताच्या गोदामावर होता. सदऱ्याच्या खिशात दोन पेनं, आणि चालताना हात मागे बांधलेले. आल्याच्या दहाव्या दिवशी तो छोइहापाशी येऊन उभा राहिला.

"फुंगताई, किती झाले?"

"चारशे तीस."

"चारशे तीस! सत्तावीस तारखेला सीटोसाहेब हाँगकाँगहून येतायत. तेराशेच्या वर नग सांगितलेत त्यांनी. अंगणात ढीग पडलेत ढीग, आणि तुम्ही चारशे तिसावर बसलाय?"

"बसले नाही. वाकून वाकून कंबर मोडली माझी. ढिगात जेवढे आहेत तेवढे काढले. बाकीचे पोरगेले आहेत, नाही तर करपलेत."

"वरून सगळे सारखेच दिसतात की."

"मॅनेजरसाहेब, टरबूजही वरून सारखंच दिसतं."

आजूबाजूला काम करणाऱ्या दोघी हसल्या. आउसाहेबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, "उरलेल्यांतले चांगले जाड नऊशे काढा आणि खूण करा. हा हुकूम समजा."

छोइहानं रंगाचा डबा आणि कुंचला उचलला, त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "खूण माझी आहे. ती मी खोट्यावर करणार नाही. रंग वखारीचा आहे, तो घ्या."

तिच्या हट्टामागे एक गोष्ट होती. चार वर्षांपूर्वी खरेदीला आलेल्या सीटोनं तिला तयार गळाची काठी आणून दाखवली होती. तिनंच निवडलेल्या बांबूची, मधासारख्या रंगाची. सहा कामट्यांचे सांधे नखाला लागत नव्हते. तिनं ती काठी वाकवली आणि सोडली, तशी ती झपकन सरळ झाली. सीटो म्हणाला होता, "म्हातारा कारागीर आहे. एका काठीला दीड महिना लावतो. कोवळा बांबू गेला तर सगळं झाल्यावर कळतं. काठी एकदा वाकली की वाकडीच राहते, दीड महिना पाण्यात." त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचे हात छोइहाच्या डोक्यातून पुढं कधी गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला तिचं नाव निवडीच्या यादीत नव्हतं. नदीवरच्या बायकांत होतं. तोडून आणलेले हिरवे बांबू गुडघाभर पाण्यात उभं राहून ओल्या वाळूनं घासायचे, म्हणजे वरचा मळ आणि शेवाळ निघतं. हे काम नव्या सुनांचं. बावन्नाव्या वर्षी, अकराव्या महिन्याच्या पाण्यात, ते तिला दिलं होतं.

"या काकी, या," पाण्यातून युकलान ओरडली. ती या बायकांची म्होरकी, जिभेनं तिखट. "बढती झाली म्हणायची! पायाला थंडगार, डोक्याला ऊन, आणि मॅनेजरचं तोंड बघायला नको."

"सरक तिकडं. जागा दे."

पहिले दोन दिवस पाय लाकडासारखे झाले. तिसऱ्या दिवशी युकलाननं बातमी आणली. निवडीच्या जागी आउसाहेबानं हिशेबनिसाला बसवलं होतं आणि तो सळीही न लावता भराभर दोन रेघा, एक ठिपका, दोन रेघा, एक ठिपका, असं करत सुटला होता.

त्या दिवशी संध्याकाळी घरी पेज आणि खारवलेली मोहरीची भाजी होती. छोइहानं वाडग्याला हात लावला नाही. तिचा नवरा, क्वोकसिंग, त्याच वखारीत भट्टीवर होता. वाकडे बांबू विस्तवावर शेकून खाचेच्या दांड्यात अडकवून सरळ करायचा.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"अख्ख्या वखारीला ठाऊक आहे."

"आणि तू गप्प."

"मग काय करू? पाण्यात राहून माशाशी वैर करू? उद्या मलाही काढेल. घरात एकाचा तरी पगार नको?"

"मेल्या म्हाताऱ्या, माझं नाव लिहितायत ते पोरगेल्या बांबूवर!"

"नाव कुठं, रेघा आहेत नुसत्या."

ती उठून अंगणात गेली. तो वाडगं पुढ्यात घेऊन बसून राहिला. त्यालाही मग पेज गेली नाही.

सत्तावीस तारीख उजाडली. ट्रक आला होता, त्यात थोडे बांबू चढलेही होते. सीटो दुपारनंतर यायचा होता. छोइहा सकाळी नदीवर आली, टोपली भरून ओली वाळू घेतली, डोक्यावर ठेवली आणि पाण्यात न शिरता चढ चढून वखारीकडं चालू लागली.

"काकी, कुठं?" युकलाननं हाक मारली.

"मला वाळूचं काम दिलंय ना? ते करायला."

वखारीच्या अंगणात खुणेचे बांबू शंभर-शंभरांच्या गठ्ठ्यांत लावलेले होते. तिनं स्वतःचे गठ्ठे ओळखले, ते बाजूला राहू दिले. मग हिशेबनिसाच्या पहिल्या गठ्ठ्यासमोर उकिडवी बसली, एकेक बांबू ठोकला, ऐकला आणि मूठभर वाळू घेऊन त्यावरची लाल खूण घासायला लागली. रंग ताजा होता. दहा-बारा वेळा घासलं की निघत होता.

पाचवा बांबू झाला असेल नसेल, तोच तिच्या शेजारी दुसरी टोपली आदळली. युकलान. मग तिसरी, चौथी. थोड्या वेळात चौदा बायका अंगणभर पसरून बसल्या, आणि घासण्याचा असा खर्र-खर्र आवाज उठला की भट्टीवरचे पुरुष बाहेर आले. काकी ठोकायची, "काढ" म्हणायची; बाया काढायच्या.

आउसाहेब चहाचा पेला हातात घेऊनच धावत आला. "हे काय चाललंय? थांबा! मी सांगतोय थांबा!"

"घासतोय साहेब," युकलान मान वर न करता म्हणाली. "घासायचाच पगार मिळतो आम्हांला."

"हा वखारीचा माल आहे! ही नासधूस आहे!"

छोइहानं घासलेला बांबू त्याच्यापुढं धरला. "बघा, कुठं नासलाय? टोमॅटोला लावा, उत्तम चढेल. फक्त खोटं तेवढं पुसलंय."

त्यानं तिच्या हातातला बांबू ओढला. तिनं सोडला नाही. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. अंगणातली सगळी माणसं बघत होती. चहाचा पेला पडून फुटला. मग त्यानं बांबू सोडला आणि पुरुषांकडं वळून ओरडला, "उभे काय राहिलात? उचला यांना!"

कुणी हललं नाही. त्यातल्या निम्म्यांच्या बायका तिथं बसल्या होत्या. त्यांना हात लावून संध्याकाळी घरी कोण जाणार? ट्रकवाल्यानं चाकावर टेकून विडी पेटवली.

तेवढ्यात गर्दीतून क्वोकसिंग पुढं आला. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या. त्यानं त्या छोइहापाशी धाडकन ठेवल्या आणि तिच्याकडं न बघता कुरकुरला, "वाळू कोरडी पडलीय. कोरड्या वाळूनं घासलं तर चरे पडतात. एवढी वर्षं झाली, एवढंही कळत नाही?"

छोइहानं वाळूत पाणी ओतलं. पुढचे तीन-चार बांबू तिनं जरा जास्तच जोरानं घासले.

दुपार कलायला अंगणातले नऊशे बांबू उघडे झाले होते. सीटो आला तेव्हा बुंध्यांवरचे ओले डाग वाळले नव्हते. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. खुणेचे बांबू स्वतः ठोकून बघितले, चारशे तीस घेतले. ट्रकच्या तळाशी सकाळीच चढलेले अकरा मात्र बायकांच्या हाती लागले नव्हते. ते बद्द वाजले, तसे त्यानं खाली फेकले आणि आउसाहेबाकडं नुसतं बघितलं. बाकीचे टोमॅटोच्या भावानं नेतो म्हणाला, आणि नेले.

त्यानंतर व्हायचं ते झालं. चौदा जणींना तर काढता येईना, हंगाम भरात होता. मग सगळं छोइहावर आलं. सगळ्यांसमोर आत्मपरीक्षणाचं पत्र वाचायचं, चूक कबूल करायची, म्हणजे पुन्हा निवडीवर घेऊ, असा निरोप आला. तिच्या वयाच्या माणसांनी अशी पत्रं पूर्वी पुष्कळ लिहिली होती. सदुसष्ट साली, क्रांतीच्या धामधुमीत, तिनंही एक लिहिलं होतं, न केलेल्या गुन्ह्याचं, आणि मान खाली घालून वाचलं होतं.

या वेळी तिनं मान खाली घातली नाही. कागदावर मोठी, वाकडीतिकडी अक्षरं होती, आणि ती तिनं सावकाश वाचली:

"मी, फुंग छोइहा, माझी चूक कबूल करते. खोट्या खुणेचे नऊशे अकरा बांबू होते. मी नऊशे पुसले. अकरा राहिले. ट्रकच्या तळाशी बघायला हवं होतं, ते मी बघितलं नाही. त्या अकरा बांबूंबद्दल मला माफ करावं."

मागून युकलान खो-खो हसली आणि मग कुणालाच आवरलं नाही. हिशेबनीससुद्धा तोंड फिरवून खांदे हलवत होता. आउसाहेबानं कागद हिसकावून घेतला, आणि छोइहाची अठ्ठावीस वर्षांची नोकरी त्या दिवशी संपली.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. क्वोकसिंग भट्टीवर राहिला, कारण चूल पेटायला हवी होती, आणि त्यावरून तिनं त्याला कधी टोचलं नाही. सरकारच्या नव्या जमीनवाटपात त्यांच्या घराला बांबूच्या टेकडीचा एक तुकडा आला होता. ती रोज तिथं जायची. दाटी काढायची, नव्या कोंबाच्या अंगावर शाईनं उगवल्याचं साल लिहायची, म्हणजे तीन वर्षांनी वय ओळखताना चूक नको. युकलानचा तुकडा शेजारीच होता. दोघी मिळून दोन्ही बघायला लागल्या.

सातव्या महिन्यात, ऐन उकाड्यात, सीटो ती टेकडी चढून आला. घामानं निथळत होता. छोइहा गेल्यानंतर वखारीतून आलेला माल त्याच्या कारागिरांनी परत पाठवला होता.

"फुंगताई, जहाज पंधरा दिवसांत सुटतंय. तुमच्या खुणेचे दोनशे द्या. मागाल तो भाव."

"आता तोडायचे नाहीत. उन्हाळ्यात बांबूत गोडवा असतो, किडा लागतो. अकराव्या महिन्यात या."

"एवढा चढून आलोय मी!"

"चढलात तसे उतरा. वाटेत झरा आहे, पाणी चांगलं आहे."

त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि रिकाम्या हातानं उतरला. युकलान म्हणाली, "गेला गं काकी, आता कशाला येतोय." छोइहा म्हणाली, "नाही आला तर टोमॅटो लावू."

पण तो अकराव्या महिन्यात आला. दोन्ही तुकड्यांवरचा सगळा पिकलेला बांबू तोडून, घासून, वाळवून झाला होता आणि छोइहानं एकेक ठोकून खूण केली होती. मोजले तर एकशे सत्तर भरले. बाजूला टाकलेल्यांचा ढीग मोठा होता. सीटोनं त्याकडं आशेनं बघितलं.

"यातले तीस घालून दोनशे करा की. आकडा कसा पुरा वाटेल."

"एकशे सत्तर," छोइहा म्हणाली. "आणि गठ्ठे बांधायला हात लावा जरा, आम्ही दोघीच आहोत."